दादाला कुणी विचारलं नाही

दादाला राग येईल असं काही बोलायचं नाही, हा आमच्या घरातला कायदा होता. केला थोरल्या काकांनी, पाळला वहिनीने आणि त्याचा फायदा उठवला खुद्द दादाने. अकरा वर्षं. आज हे लिहायला बसले तर संताप इतका आहे की नेमकी कुणापासून सुरुवात करावी ते कळत नाही, म्हणून दादापासूनच करते.

दादा माझा सख्खा थोरला भाऊ. कोट शिवणाऱ्या एका कारखान्यात कटिंग मास्तर. शिवणारे पुष्कळ मिळतात, कापणारा एकच असतो. लांबलचक टेबलावर कापडाचे थर अंथरायचे, वर खडूने आखायचं आणि एकदा कात्री लावली की मागे फिरणं नाही. "शिवण उसवता येते, कापलेलं जोडता येत नाही," हे वाक्य तो येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायचा आणि वर असं बघायचा की जणू गीतेचा एकोणिसावा अध्याय सांगितला. माणूस दारातून आत येतानाच त्याला त्याचं माप कळायचं. माझ्या नवऱ्याला पहिल्यांदा बघितलं तेव्हा माझ्या कानात म्हणाला, "माणूस बरा आहे, पण एक खांदा पडका आहे. आत कापूस भरावा लागेल." लग्नाच्या कोटात त्याने खरोखरच भरला, आणि फोटोत आमचे हे शेवटचे सरळ दिसले.

दादा डावखुरा. साधी कात्री डाव्या हातात धरली की तिचं पातं खडूची रेघ झाकतं, म्हणून त्याची कात्री वेगळी, उलट्या पात्यांची. लिहितो मात्र उजव्या हाताने. शाळेत गुरुजींनी बोटांवर पट्टी मारून मारून लिहिणं उजवीकडे वळवलं, कापणं त्यांना वळवता आलं नाही. त्या गुरुजींचाही मला राग आहे, पण ते राहू दे, आधीच गर्दी फार आहे.

दादा चाळिशी ओलांडून थोडा पुढे गेला होता, तेव्हा एकदा कापडाचं थान खांद्यावर घेऊन जिना चढताना छातीत कळ आली आणि पायरीवरच बसला. तपासणी झाली. हृदयाच्या तीन धमन्या बुजलेल्या. बायपास करायचं ठरलं, तेही लगेच.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मी सासरहून निघाले होते, पोचले नव्हते, म्हणून पुढचं मी वहिनीकडून ऐकलेलं. एका शिकाऊ डॉक्टरने दादाची कागदावर सही घेतली. दादाने उजव्या हाताने केली. झालं, माणूस उजवा ठरला. मग एक जण आला आणि त्याने दादाच्या डाव्या हाताचे केस मनगटापासून कोपरापर्यंत काढून टाकले. दादाला झोपेचं औषध दिलेलं, तो अर्धवट गुंगीत. वहिनीने तो भादरलेला हात पाहिला आणि विचारलं, हे कशाला? "इथली धमनी काढायची आहे," केस काढणारा म्हणाला. "कमी वापराच्या हाताची घेतात."

वहिनी धावत बाहेर गेली आणि व्हरांड्यातून चाललेल्या मोठ्या डॉक्टरांना तिने अडवलं. "तो हात नको! त्या हातावर आमचं घर चालतं!" मोठे डॉक्टर थांबले. त्यांनी समजावून सांगितलं, हे मी मान्य करते. म्हणाले, बुजलेल्या जागेला वळसा घालून रक्ताला नवी वाट करून द्यायची, तर त्या वाटेसाठी नळी शरीरातूनच घ्यावी लागते. एक छातीच्या आतली धमनी, ती सगळ्यात उत्तम. तिला मुळापासून तोडतही नाहीत, नुसतं खालचं टोक वळवून हृदयाला जोडतात, आणि बहुतेकांची ती वर्षानुवर्षं चालते. बाकीच्या दोन वाटांसाठी हाताची धमनी किंवा पायाची शीर. हाताची धमनी जास्त टिकते. पायाच्या शिरेला एवढ्या दाबाच्या रक्ताची सवय नसते. ती हळूहळू आतून जाड होते, आणि दहाएक वर्षांत अशा निम्म्या-अर्ध्या शिरा बुजतात.

"मग उजव्या हाताची घ्या," वहिनी म्हणाली. त्यांनी आत जाऊन दादाच्या उजव्या मनगटाच्या दोन्ही नसा दाबून, एक सोडून पाहिली. तळहात पांढरा पडला तो पांढराच राहिला. एक नस काढली तर उरलेली एकटी त्या हाताला पोसू शकणार नव्हती. म्हणजे उजवा बाद. राहिला डावा हात, नाहीतर पाय.

"डाव्याने काम करता येणारच नाही असं नाही," परत व्हरांड्यात येऊन डॉक्टर म्हणाले. "बहुतेकांचा हात पहिल्यासारखा होतो. काहींच्या अंगठ्याला बधिरपणा राहतो."

कटिंग मास्तरचा अंगठा बधिर! वहिनीने शेजारी उभ्या असलेल्या थोरल्या काकांकडे पाहिलं. आमचे वडील गेल्यापासून घरातला प्रत्येक निर्णय काकांना विचारून व्हायचा, आणि काका म्हणजे उंटावरचा शहाणा. काका म्हणाले, "पायाचीच घ्या. आणि त्याला ह्यातलं अक्षर सांगायचं नाही. आधीच घाबरलाय, ऐकून हाय खाईल."

मोठ्या डॉक्टरांनी घड्याळ पाहिलं आणि मान डोलावली.

मला राग येतो तो इथे. ज्याची छाती, ज्याचा हात, ज्याचा पाय, तो माणूस भिंतीपलीकडे पडला होता. गुंगी होती, ती उतरली असती. संध्याकाळी विचारता आलं असतं, सकाळी विचारता आलं असतं. कोटाला अस्तर कुठल्या रंगाचं लावू, हे गिऱ्हाइकाला तीनदा विचारतात. माणसाच्या काळजाला काय लावू, हे त्याच्या चुलत्याला विचारलं.

मी पोचेपर्यंत सगळं ठरलं होतं, दादाला आत नेलंही होतं. मी तिथेच आवाज चढवला, तर काकांनी मला कोपऱ्यात घेतलं. "झाकली मूठ सव्वा लाखाची असते. तुला दादाच्या गळ्याची शपथ आहे." ऑपरेशनला नेलेल्या भावाच्या गळ्याची शपथ! ती मोडायची हिंमत कुणाची आहे? मीही गप्प बसले, वहिनीही.

ऑपरेशन चांगलं झालं. शुद्धीवर आल्यावर दादाला काकांनी सांगितलं, "नवे पाईप टाकलेत. आता शंभर वर्षं बघायला नको." दादाने ते वाक्य असं उचललं की विचारू नका. कारखान्यात जाऊन शर्टाची बटणं उघडून टाके दाखवायचा. मालकाला म्हणाला, "माझं इंजिन नवीन आहे, तुमचंच आता खटारा झालंय." दारावर येणाऱ्या भाजीवाल्यालासुद्धा त्याने पायावरची लांब खूण दाखवली. बिचारा त्या दिवसापासून आमच्या दाराशी वजन जास्त द्यायला लागला.

आणि घरात? घरात काय झालं ते सांगते.

वहिनी भाजीत मीठ कमी घालते म्हणून एकदा दादाने आवाज चढवला. तिने उलट उत्तर दिलं. दादाने हात छातीवर ठेवला आणि डोळे मिटले. संपलं. त्या दिवशी त्याला कळलं की आपल्याला हुकमी पत्ता सापडलाय. त्याच्या मुलीने, माझ्या भाचीने, उशिरा यायचं म्हटलं, छातीवर हात. शेजाऱ्याने पाण्यावरून वाद घातला, छातीवर हात. मी सडेतोड बोलले, छातीवर हात आणि वर, "माझं बायपास झालंय, विसरलीस का?" विसरते कशी? या घरात घड्याळाचे ठोके पडायचे ते त्या बायपासचे.

मग घरं दोन झाली. एक दादाला दिसणारं, जिथे सगळं छान असायचं. दुसरं त्याच्यामागचं, जिथे खरं काय ते घडायचं. भाची परीक्षेत नापास झाली, ती दादाच्या घरात पास होती. त्याने कारखान्यात पेढे वाटले, आणि ते पेढे पोरीच्या घशाखाली उतरले नाहीत. छप्पर गळत होतं, ते वहिनीने त्याच्या कामाच्या वेळात दुरुस्त करून घेतलं. आम्ही सगळे त्या घरात चवड्यांवर चालायचो, आणि तो मधोमध पाय पसरून बसायचा.

पण खरी गोची झाली ती गोळ्यांची. रक्त पातळ ठेवणारी एक, चरबीची एक, त्या जन्मभर घ्यायच्या आणि सिगारेट बंद म्हणजे बंद, असं बजावून घरी सोडलेलं. पायाच्या शिरा उघड्या राहाव्यात म्हणून हे जास्तच गरजेचं. दोन वर्षं दादाने घेतल्या. मग म्हणाला, चरबीच्या गोळीने पोटऱ्या दुखतात. बंद केली. मग दुसरीही आठवण येईल तेव्हा. "पाईप नवीन आहेत ना? मग नव्या पाईपला औषध कशाला? रोग म्हशीला आणि औषध पखालीला!" असं म्हणून हसायचा. चहानंतर एक सिगारेटही सुरू झाली.

आता वहिनीने काय सांगायचं? पाईप नवे नाहीत, तुमच्याच पायाच्या शिरा आहेत, त्या बुजतात, म्हणून गोळ्या घ्या, असं सांगायचं तर मूठ उघडते. मूठ उघडायची नाही तर गोळीचं कारण सांगता येत नाही. ती नुसतं म्हणायची, "घ्या हो, डॉक्टरांनी सांगितलंय." तो म्हणायचा, "डॉक्टरांचं दुकान आहे ते." ती जरा जोर करायची, की हात छातीवर. याला म्हणतात तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

मी माहेरी गेले की तिला स्वयंपाकघरात गाठायचे. "वहिनी, सांगून टाक. शपथ-बिपथ काही नसतं."

"वन्सं, आता कुठल्या तोंडानं सांगू?" ती म्हणायची. "तेव्हा सांगितलं नाही, आणि आता म्हणू, की तुमच्या छातीत काय घालायचं ते मी ठरवलं?"

दरम्यान काका गेले. मरताना त्यांना सगळं सांगण्यात आलं होतं, कारण त्यांनी तसा हुकूमच सोडला होता. स्वतःच्या बाबतीत त्यांना झाकली मूठ चालत नव्हती.

कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही. गेल्या वर्षी दादा पुन्हा त्याच जिन्यावर बसला. थान खांद्यावर नव्हतं, हातात फक्त डबा होता. पुन्हा तपासणी. या वेळी डॉक्टर होत्या एक तरुण बाई, तुरुतुरु चालणाऱ्या, भराभर बोलणाऱ्या. त्यांनी दादाला, वहिनीला आणि मला एकत्रच बसवलं आणि पडद्यावर चित्र लावलं. काळ्या-पांढऱ्या फांद्या हलताना दिसत होत्या.

"ही छातीतली धमनी बघा, काय सुंदर वाहतेय. हिनेच तुम्हाला जगवलंय. आणि या दोन पायाच्या शिरा." त्यांनी बोट ठेवलं तिथे एक खुंट होता, पुढे काहीच नाही. "दोन्ही पूर्ण बंद. अकरा वर्षं झाली ना, शिरांचं असं होतं. तेव्हा हाताची धमनी का नाही घेतली?"

दादा पडद्याकडे बघत होता. "शिरा?" तो म्हणाला. "पाईप टाकलेत ना?"

"पाईप कसले? तुमच्या पायाच्या शिरा काढून जोडल्यात. पायावर खूण नाही का?"

"ती खूण..." दादा थांबला. मला वाटतं, त्या खुणेचा अर्थ त्याला त्या क्षणापर्यंत कळलाच नव्हता. त्याला वाटत होतं, पायातूनही पाईप टाकलेत. हसू नका. त्याला दुसरं काही कुणी सांगितलंच नव्हतं.

"हाताची का नाही घेतली?" बाईंनी पुन्हा विचारलं.

"मी नको म्हटलं," वहिनी म्हणाली.

ती खाली मान घालून सगळं बोलली. भादरलेला हात, मोठे डॉक्टर, काका. मी दादाच्या हाताकडे बघत होते, आता छातीवर जाईल, मग जाईल. गेला नाही. तो उठला, चपला घातल्या आणि निघून गेला.

घरी आलाच नाही. दुसऱ्या दिवशी कळलं, कारखान्यात कापायच्या टेबलावर झोपतोय. मालकाला सांगितलं, घरात रंगकाम काढलंय. मी चार-पाच दिवस वाट पाहिली, मग माझाच पारा चढला आणि भर दुपारी कारखान्यात जाऊन थडकले.

दादा टेबलाशी उभा होता. निळ्या कापडाचे थर, त्यावर पांढऱ्या रेघा, डाव्या हातात कात्री. माझ्याकडे न बघता कापत होता. कात्री कापडावरून न उचलता पुढे जात होती, काखेच्या वळणाशीसुद्धा थांबत नव्हती. दम लागत होता म्हणून तो स्वतः मात्र थांबत होता.

"घरी चल," मी म्हणाले.

"कुठलं घर? जिथं माझ्या अंगाचे तुकडे तुम्ही वाटून घेतलेत ते?"

"वाटून कुणी घेतले? तुझा हात वाचवला तिनं!"

"कुणासाठी वाचवला?" त्याने कात्री आपटली. शिवणाऱ्या बायकांची यंत्रं एकदम थांबली. "माझ्यासाठी, की मी कमवून आणावं म्हणून?"

"दोन्हीसाठी! त्यात वाईट काय आहे? तुझा अंगठा बधिर झाला असता तर तू घरात बसून आम्हाला खाल्लं असतंस. अजून नीट आहे तर खातोस!"

"मला विचारायचं होतं."

"आणि विचारलं असतं तर? तू काय म्हटलं असतंस?"

दादाने कापडावरची खडूची भुकटी झटकली. मग म्हणाला, "मीही पायच म्हटलं असतं."

"मग?" माझा आवाज इतका चढला की मालक केबिनच्या दारात आला. "मग इथं टेबलावर लोळतोयस कशाला? तेच झालं ना?"

"तेच नाही झालं." तो शांतपणे म्हणाला, आणि तो शांत असला की जास्त भीती वाटते. "मी म्हटलं असतं तर ते माझं असतं. मला माहीत असतं, की बाबा, आपण हात वाचवलाय आणि पाय लावलाय, आता पायाला सांभाळायचं. मी गोळ्या घेतल्या असत्या."

मी त्याच्याकडे नुसतं बघितलं.

"कदाचित घेतल्या असत्या," तो म्हणाला.

मागे कुणीतरी हसलं. दादाने वळून पाहिलं तशी यंत्रं सुरू झाली. मला हसू आलं नाही. कारण तो खरं बोलत होता, आणि मला त्याचा राग यायचा थांबत नव्हता. दोन्ही एकदम. तिथल्या तिथे काकांना खाली बोलावून जाब विचारावासा वाटला.

शेवटी डॉक्टरबाईंचाच फोन आला, की आता थांबू नका, या. दादा कारखान्यातून थेट आला, आम्ही घरून. त्याला खाटेवर निजवून सलाइन लावलं. थोड्या वेळाने बाई आल्या, हातातले रिपोर्ट चाळले आणि सवयीने दाराकडे वळल्या. "नातेवाईक जरा बाहेर येता का?"

मी उठले. वहिनी उठली नाही.

"बाहेर नाही," ती म्हणाली. "जे काय आहे ते इथं बोला. त्यांच्यासमोर. त्यांच्याशी."

बाईंनी तिच्याकडे पाहिलं, मग खुर्ची ओढून दादाच्या उशाशी बसल्या. त्यांनी काही लपवलं नाही. म्हणाल्या, मूळच्या धमन्या इतक्या कडक झाल्यात की आत स्प्रिंग घालायला जागा नाही. नुसत्या गोळ्यांवर काढायचं, तर चालणं-फिरणं कमी होत जाईल आणि झटका कधीही येईल. दुसरं ऑपरेशन करता येईल, पण ते पहिल्यापेक्षा जोखमीचं. छातीचं तेच हाड पुन्हा उघडायचं आणि त्याच्यामागे ती चालू असलेली चांगली धमनी आहे, तिला धक्का लागता कामा नये. केलं, तर दुसऱ्या पायाची शीर आहे, पण तिची गोष्ट पुन्हा तीच. डाव्या हाताची धमनी घेतली तर ती जास्त टिकण्याची शक्यता आहे. शक्यता म्हणतेय, खात्री नाही.

"गोळ्या घेतल्या असत्या तर पहिल्या टिकल्या असत्या का?" दादाने विचारलं.

"सांगता येत नाही. सगळं नीट करणाऱ्यांच्याही बुजतात. तुम्ही नीट केलं नाहीत, एवढं मात्र खरं."

दादाने अंगावरची चादर बाजूला सारली. मग म्हणाला, "नाही करायचं."

"काय नाही करायचं?"

"काहीच. हात नाही, पाय नाही, छाती नाही. माझं अंग आहे ना? मला विचारलंत ना? मग हे माझं उत्तर. नाही." आणि त्याने मान फिरवून वहिनीकडे असं बघितलं, की मला कळलं, हे उत्तर डॉक्टरांना नव्हतं. अकरा वर्षांचं देणं तो तिला चुकतं करत होता, आणि त्यासाठी मरायलाही तयार होता. माझा भाऊ आहे तो, मी ओळखते त्याला.

वहिनी उठून उभी राहिली. "असं बोलू नका."

दादाचा हात छातीकडे जायला लागला.

"ठेव!" वहिनी ओरडली.

मी दचकले. लग्नाला तीस वर्षं होत आली, या बाईने दादाला अहो-जाहोशिवाय हाक मारली नव्हती.

"ठेव हात छातीवर! ठेव की! आज मी गप्प बसणार नाही. तुझी छाती, तुझा हात, तुझा पाय, सगळं तुझं. आणि त्या छातीसमोर अकरा वर्षं कुजबुजत जगली ती कोण? दार आपटलं नाही मी. भांडं आपटलं नाही. माझी आई गेली तेव्हा न्हाणीघरात नळ सोडून रडले, तुला आवाज जाऊ नये म्हणून. पोरगी नापास झाली तेव्हा तिला जवळ घेऊन रडता आलं नाही, तू पेढे वाटत होतास! तुला एकदा विचारलं नाही म्हणून टेबलावर जाऊन झोपलास. मला कधी काय विचारलंस? मीठ किती घालू हेसुद्धा तू ठरवलंस! तेव्हा मी चुकले. चुकले, हजारदा चुकले. पण त्या व्हरांड्यात तुझा हात जातोय हे बघून पळत सुटले ती मी एकटी होते. आणि आता तू मला शिक्षा म्हणून मरणार? मर ना मग! पण माझ्या नावावर मरू नकोस. स्वतःच्या नावावर मर!"

बाहेरून एक परिचारिका आत आली, डॉक्टरबाईंनी तिला हाताने थांबवलं. खोलीतल्या यंत्रावरचा नाडीचा हिरवा आकडा भराभर चढला. आम्ही सगळेच त्याच्याकडे बघत होतो. चढला, थोडा वेळ तिथेच राहिला आणि हळूहळू उतरला. दादाला काही झालं नाही. त्याचा हात छाती आणि अंथरूण यांच्या मध्येच कुठेतरी राहिला होता. त्याने तो खाली ठेवला.

वहिनी धापा टाकत उभी होती. पदराने तोंड पुसलं, पण बसली नाही.

दादाने डॉक्टरबाईंना विचारलं, "अंगठा बधिर होईलच, असं आहे का?"

"नाही. पण होऊ शकतो. आणि तुमच्या कामात ते चालणार नाही, हे मला कळतंय. म्हणूनच तुम्हाला विचारतेय."

"हं." त्याने वहिनीकडे पाहिलं. "तुला काय वाटतं?"

"मला नका विचारू," ती म्हणाली. अहो-जाहो परत आलं होतं, पण आवाज खाली आला नव्हता. "मी एकदा सांगून बसलेय. कात्रीशी माझं लग्न लागलेलं नाही, एवढंच मला माहीत आहे. बाकी तुमचं तुम्ही सांगा."

दादाने डाव्या हाताची बाही वर सरकवली, मनगटापासून कोपरापर्यंत. मग हात बाईंच्या पुढे केला.

"हा घ्या. आणि लिहून ठेवा, की हा माझा कामाचा हात आहे, मी डावखुरा आहे आणि हे मी सांगतोय. कुणा काकाने नाही." तो वहिनीकडे वळला आणि जुन्या गुर्मीत म्हणाला, "ऐकलंस का?"

"ऐकलं," वहिनी म्हणाली. "अकरा वर्षं दुसरं काय करतेय?"